सूत

पंचविसाव्या दिवशी मी मोरारच्या साइटवर परतलो.
ठेकेदाराला सांगितलं होतं, कंबर धरलीय.
कंबर हे इभ्रतीचं दुखणं,
मिस्त्री माणसाची ती धरतेच.
खरं नाव आमखोच्या दवाखान्यातल्या कागदावर,
आणि कागद पिशवीत, डब्याच्या खाली, चौघडी घालून.

भगंदर.
एखाद्या जुन्या देवळाचं नाव वाटावं असा शब्द.
पहिल्यांदा ऐकला तेव्हा मनात आलं,
एवढं भारदस्त काही मला कशाला होईल?

फरशीचं काम उकिडवं बसून होतं.
एकवीस वर्षं मी या ग्वाल्हेरात उकिडवा चाललोय,
एकेक फरशी ठोकत मागे सरत,
दुसऱ्यांच्या खोल्यांतून
स्वतःला दाराबाहेर काढत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकिडवं बसायचं नाही.
ओझं नाही. दुचाकी नाही.
मी विचारलं, मग काय करू?
म्हणाल्या, आराम.
जसा काही तो दौलतगंजात किलोवर मिळतो.

सकाळी निघताना कुमुदनं काही न बोलता
आपल्या पाकिटातलं एक पॅड काढून दिलं,
चिकटपट्टी कुठल्या बाजूला ते दाखवलं.
आधी ती हसली, मग मी.
लग्नाला सोळा वर्षं झाली
तेव्हा कुठे डोक्यात शिरलं
की दर महिन्याला हे लावून
ही बाई बँकेचे तीन मजले झाडते.

साइटवर सिमेंटची गाडी आलेली.
रामदुलारे गोणीवर वाकून म्हणाला, "दादा, जरा हात."
जरा म्हणजे किती
ते शरीरानं तिथल्या तिथे सांगितलं.
मागे कुणी धागा ओढावा तसं.
धागाच आहे तो.
औषधाचे थर देऊन वाळवलेला,
आतून ओवून बाहेर गाठ मारलेला.
त्याचं काम कापायचं, माझं काम कळ काढायची.

तरी बसलो.
सूत ताणलं, ओळ पाहिली,
चार फरश्या लावल्या.
पाचवीला घाम फुटला, तो जूनचा नव्हता.
उठलो. पाणी प्यायलो. पुन्हा बसलो.
उठलो.

शकूर मिस्त्री पलीकडे न्हाणीघराची भिंत लावत होते.
आले, थापी माझ्या हातात दिली.
"छातीच्या वरच्या ओळी तू कर, मुकुंदा.
माझा हात पुरत नाही."
शकूर मिस्त्रींचा हात छताला लागतो,
लश्करात हे शेंबडं पोरही सांगेल.
ते माझ्या जागी खाली बसले.
अडुसष्ट वर्षांचे गुडघे
वाळल्या शेंगेसारखे वाजले.
कंबरेबद्दल त्यांनी विचारलं नाही,
आणि मी भिंतीकडे तोंड करून
बराच वेळ एकच फरशी पुसत राहिलो.

गुरुवारी धागा बदलतात.
नव्याचं टोक जुन्याला बांधायचं आणि जुना ओढून घ्यायचा.
मी लोखंडी खाटेचा दांडा धरतो, छताचे पोपडे मोजतो.
मग बाई जुना धागा पट्टीवर ताणतात.
"पाच सेंटिमीटर. गेल्या खेपेला साडेपाच होता."
आणि माझ्याकडे बघतात,
अर्ध्यानं मी हिरमुसेन अशा बेतानं.

बाई, मी फरशीवाला.
पहिल्या ओळीत अर्धा सेंटिमीटर हुकला
तर समोरच्या भिंतीशी काय होतं
ते मला विचारा.

अजून दहा गुरुवार, सगळं सुतात गेलं तर.
परतताना टेम्पोत एका कुल्ल्यावर बसतो,
खड्डा आला की दांड्याला लटकतो.
संध्याकाळी निळ्या टबात कोमट पाणी,
त्यात बसून पोराचे पाढे घेतो, दाराआडून.
सात नव्वे त्रेसष्टला तो अडतो.
थांब म्हणतो, घाई नाही.

शुक्रवारी न्हाणीघर संपायला हवं होतं.
वरच्या दोन ओळी
शकूर मिस्त्रींनी तशाच सोडल्यात.